पहिली ओळ देवाची

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

चि. तनुजा हीस आत्याचा आशीर्वाद.

तुझं पाकीट शुक्रवारी पोचलं. छापील रकान्यांची वही एक, बॉलपेन दोन, तुमच्या कचेरीचा पत्ता घातलेली परतीची पाकिटं सहा. वर सत्तर रुपयांची तिकिटं. पेन इथं पाच रुपयांना मिळतं, पुढच्या खेपेला नुसते कागद धाड, वजन कमी भरेल. त्याच दिवशी दादानं देवगाव रंगारीहून तुरीची डाळ दीड किलो आणि गवार आणली. तुझा बाप पैसे घेत नाही, म्हणून वहिनीसाठी साबणाच्या चार वड्या त्याच्या पिशवीत घातल्या.

काम सुरू केलं. महादेवाच्या कुंपणाला लागून जे चार्जिंगचं मशीन आहे ते आमच्या ओट्यावरून समोरच दिसतं. कोणती गाडी आली, किती वाजता वायरची गन लावली, किती वाजता काढली, सगळं लिहिते. सकाळी पूजा झाली की त्या दिवसाचं पान उघडायचं, पहिली ओळ देवाची, मग माणसांच्या गाड्या, आणि दिवेलागणीला खाली बेरीज. घरच्या वहीला तीस वर्षं हेच वळण आहे, तुला ठाऊक आहे.

एका सेवाभावी संस्थेची विजेवरची गाडी सोमवार, बुधवार, शुक्रवार देवगावहून डायलिसिसचे पाच पेशंट आणते, त्यात दादा. सत्यम ड्रायव्हर त्यांना दवाखान्यात सोडतो, गाडी इथं मशीनला लावतो आणि चार तासांनी त्यांना घेऊन परत निघतो. गाडी जुनी, एका चार्जिंगमध्ये जाणं-येणं होत नाही. हे मशीन आहे म्हणूनच संस्थेनं गाडी मंजूर केली. जाताना दोन मिनिटं दारात थांबते. दादा खिडकीतूनच अर्धा कप चहा घेतो. त्याला पाणी मोजून प्यायचं, चहाही त्यातच धरायचा. त्याचा कप मी खूण करून वेगळा ठेवलाय.

फोन आहेच, पण फोनवर बोललेलं तू गावी विचारतेस आणि ते दादाच्या कानी जातं, मग खरं बोलता येत नाही. आणि पस्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाची बहीण आहे मी. त्याला अजून फोनवरचं पटत नाही. म्हणतो, "कागद दाव."

तुझी आत्या,
रत्नमाला


मुंबई
१७ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझी पहिली पानं मिळाली. बेरजा बघून आमचे साहेब म्हणाले, "ह्या बाई सी.ए. आहेत का?" मी म्हटलं, जुन्या मॅट्रिक आहेत, त्याच्यापुढं सी.ए. काय!

तू फोनवर विचारलं होतंस की हे मोजून होतं काय. राज्यात विजेवरच्या गाड्या किती वाढल्या, मशीन किती बसली आणि त्यांतली खरोखर चालू किती, ते आम्ही मोजतो. धूर कमी करायचं, उष्णता आवरायचं जे वचन दिलंय, ते पाळलं जातंय की नुसतं भाषणात आहे, हे ह्या आकड्यांवरून कळतं. बहुतेक मशीन आपला आकडा आपणच कळवतात. पडेगावच्या मशीनचं कळवणं वर्षभर बिघडलेलं आहे, म्हणून तिथं माणूस लागला. तिथलं जे काही आम्हाला कळतं ते तुझ्या वहीतून. दुसरा डोळा नाही.

बाबा फोनवर "ठणठणीत आहे" एवढंच म्हणतात. तू मला खरं कळवत जा.

तुझी,
तनू


पडेगाव
गुरुवार, १२ मार्च २०२६

चि. तनुजा हीस आशीर्वाद.

महाशिवरात्र झाली त्याच आठवड्यात, शनिवारी २१ तारखेला, मशीन बंद पडलं. आतून फट्‌ असा आवाज आला आणि हिरवा दिवा गेला. रोज इथं रिक्षा चार्ज करायला येणारा किराडपुऱ्याचा रिक्षावाला हात लावून म्हणाला, "खाला, तुमारी मशीन तो ठंडी पड गयी." तेव्हापासून एकही गाडी लागलेली नाही. देवळासमोरचा कुत्रा त्याच्या सावलीत झोपतो, तेवढाच त्याचा उपयोग.

तक्रारीच्या नंबरावर अकरा वेळा फोन केला. पोरगी लई गोड बोलते. "मॅडम, तुमचं मशीन आमच्याकडं चालू दिसतंय." मी म्हटलं, "अगं बाई, मी मशीनच्या पुढ्यात उभी आहे." तर म्हणते, "चालूच दिसतंय, मॅडम." जे चालू आहे ते दुरुस्त करायला कोण येईल?

सत्यमनं आमच्या घरातून वायर ओढून पाहिली. तासाभरात मीटरपाशी जळका वास आला आणि गल्लीची वीज गेली. तुझे आतोबा मला बोलले ते बोलले, शेजारीपण बोलले. मग तो दोन आठवडे जालना रोडच्या मशीनला जात होता. तिथं दोन-दोन तास रांग, आणि हातात सुया टोचून घेतलेली माणसं गाडीत उन्हात बसलेली.

तू त्या कचेरीत आहेस. तुझ्या साहेबांना सांग. दादाची काळजी करू नकोस, त्याचं चाललंय.

तुझी आत्या


मुंबई
१८ मार्च २०२६

ती. आत्यास नमस्कार.

पत्र वाचलं आणि लगेच यादी उघडली. पडेगावचं मशीन चालू आहे, रोज वापरात आहे, असंच दिसतं. आत्या, रागावू नकोस, पण मधूनमधून बंद पडत असेल आणि तू घरात असताना गाड्या येऊन जात असतील, घरचं दुसरं कुणी त्या वहीत लिहीत असेल. आकडा आकाशातून पडत नाही.

३१ मार्चच्या आत साऱ्या जिल्ह्यांचा तक्ता वर जायचा आहे. आठवडाभर मी बारा तास कचेरीत आहे. आपला जिल्हा ह्या वेळी चांगला दिसतोय. तो झाला की मी स्वतः बघते.

बाबांची गाडी व्यवस्थित येते ना? त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस.

तनू


पडेगाव
शुक्रवार, २७ मार्च २०२६

तनुजा,

लिहिलं नाही, कारण लिहवत नव्हतं. आता ऐक.

संस्थेनं गाडी ९ मार्चपासून बंद केली. मागचं पत्र लिहिलं तेव्हा तुझा बाप माझ्या पुढच्या खोलीत झोपलेला होता. मी त्याला इथंच ठेवून घेतलं होतं. दहा दिवस राहिला. पाडव्याला गुढी उतरवली आणि हा पिशवी काखेत मारून उभा. "बहिणीच्या सासरी धा दिवस झाले. अकराव्या दिवशी माणूस पाव्हणा नसतो, रत्ना." मी पाया पडले, तुझे आतोबा आडवे झाले. ऐकला नाही.

तेव्हापासून डायलिसिसच्या चार पाळ्या आल्या. त्यातली एक झाली. सोमवारी एस.टी.नं आला. दवाखान्यातून परत जाताना बसस्थानकात खाली बसला तो उठेना. कुणीतरी त्याच्याच फोनवरून मला लावलं. मी पोचले तर वहिनी पदरानं वारा घालतेय आणि हा तिला म्हणतोय, "फलाट बदलला का बघ." आज शुक्रवार. आजही आला नाही. पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतो, म्हणून बसून झोपतो. जीप करायची तर एका खेपेला दोन हजार, आठवड्यात तीन खेपा. किती दिवस?

आणि तू मला विचारतेस की मी घरात असताना गाड्या येऊन जातात का! ती बसस्थानकाची खेप सोडली तर एकवीस फेब्रुवारीपासून मी ओटा सोडलेला नाही. रामनवमीचं दर्शनसुद्धा ओट्यावरून घेतलं. तुझ्या पडद्यावर मशीन चालू आहे ना? मग पडद्यावरच गाडी लाव आणि तुझ्या बापाला आण दवाखान्यात.

रत्नमाला


मुंबई
१ एप्रिल २०२६

ती. आत्या,

तुझं पत्र कचेरीच्या जिन्यात बसून वाचलं. इथल्या तीन दवाखान्यांत बाबांचं नाव घातलंय, नंबर लागत नाही. खोलीवर आम्ही चौघी आहोत, तरी आणीन म्हटलं तर ते येत नाहीत. पगारातलं आठ हजार आईकडं पाठवलंय, ते जीपला.

पण आत्या, एक विचारते, खरं उत्तर दे. सोबत तुझ्याच वहीच्या पानांच्या झेरॉक्स आहेत, २१ फेब्रुवारी ते १५ मार्च, तेवीस पानं. प्रत्येक पानाखाली तुझ्या हातानं बेरीज आहे. एक. रोज एक. एकही दिवस शून्य नाही.

नियम असा आहे की सलग पंधरा दिवस शून्य आलं तर मशीन आपोआप बंदच्या यादीत पडतं आणि आठ दिवसांत दुरुस्तीवाला पाठवावाच लागतो. तू शून्य लिहिलं असतंस तर ही पानं पोचली तेव्हाच, मार्चच्या मध्याला, माणूस निघाला असता.

ही रोजची एक गाडी कुणाची? तुला कुणी लिहायला लावलं का?

तनू


पडेगाव
सोमवार, ६ एप्रिल २०२६

चि. तनुजा,

ती गाडी देवाची आहे.

झेरॉक्स हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तुझे आतोबा म्हणाले, "अगं, दूध उतू गेलं." गेलं असेल.

पान कोरं उघडू नये, बेरीज शून्यावर सोडू नये, हे मला माझ्या सासूनं शिकवलं. घरच्या वहीत पहिली ओळ "श्री १". तो रुपया देवाच्या डब्यात जातो. लग्नाचा खर्च असो की मयताचा, पहिली ओळ तीच. तुझी वही आली तेव्हा हात आपोआप तसाच चालला. श्री, पुढं एक. खाली गाड्या. सात गाड्या आल्या तर बेरीज आठ. मशीन मेल्यावर खाली काहीच नव्हतं, तरी मी रोज आंघोळ करून लिहीत गेले, श्री एक, एकूण एक. मनात म्हणायचे, देवा, आज तूच आलास, उद्या गाडी आण.

मला वाटलं, वाचणाऱ्याला दिसेल. पानावर एकट्या देवाशिवाय कुणी नाही, हे दिसत नव्हतं का गं? गाडीच्या नंबराचा रकाना कोरा होता. वेळेचा कोरा होता.

म्हणजे तुझ्या बापाची गाडी मी अडवली. माझ्या देवानं नाही, मीच. आज सकाळी वही उघडली आणि पेन टेकवलं नाही.

हे कसं फिरवायचं ते सांग. मी मुंबईला येते, तुझ्या साहेबांच्या पाया पडते. काय लागेल ते सांग.

आत्या


मुंबई
१० एप्रिल २०२६

ती. आत्यास नमस्कार.

एकट्या तुझ्या माथी घेऊ नकोस. कोरे रकाने दिसत होते का, विचारलंस. मी बघितलेच नाहीत. रोज अडीचशे वह्या येतात, मी फक्त खालची बेरीज उचलते. तुझ्या पानावर तर नजरही टाकली नाही, आत्याची वही म्हणून. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून "श्री १" मीच गिरवला होता. तरी ओळखलं नाही.

साहेबांशी बोलले. तक्ता वर गेलाय, त्यात आपल्या जिल्ह्याचं कौतुक झालंय. ते म्हणाले, "जूनमध्ये बघू." मी म्हटलं, जूनपर्यंत माझे वडील नसतील. त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं. मग म्हणाले, मूळ पानांवर नोंद करणारीनं प्रत्येक चुकीची ओळ खोडावी, शेजारी सही करावी, एक साक्षीदार घ्यावा. तसं वीस तारखेच्या आत आलं तर दुरुस्ती दाखल करता येईल. पण ज्या माणसानं आकडे उचलले त्याचं नावही सोबत जाईल. ते नाव माझं. माझा करार मेअखेर संपतो, पुढचा मिळेल असं नाही. तुझंही काम जाईल.

मशीन बंद पडल्यापासूनची एकोणचाळीस मूळ पानं सोबत आहेत, आधीच्या पानांतला एकेक जास्तीचा मागाहून काढू. एप्रिलची पाच तुझ्याकडं आहेत. खोडून पाठव. मी दाखल करते.

आई-बाबांना माझ्या नोकरीचं सांगू नकोस.

तनू


पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १५ एप्रिल २०२६

चि. तनुजा हीस आत्याचा अनेक आशीर्वाद.

पानं सोमवारी मिळाली, एकोणचाळीस, मोजून घेतली. ह्या पाकिटात चव्वेचाळीस परत धाडते, आणि आजचं एक, असं पंचेचाळीस. उद्या पहिल्या तासाला स्पीड पोस्टानं टाकते. किती लागतील ते लागोत, ह्या खेपेला वजन बघणार नाही.

सोमवारीच दादाला कांद्याच्या टेम्पोत पुढं बसवून वहिनी घेऊन आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वहिनीवर ओरडल्या. अजून एक पाळी चुकली असती तर फुप्फुसात पाणी भरलं असतं म्हणाल्या. सोमवारचं झालं, आज बुधवारचंही झालं. मधल्या दोन्ही रात्री माझ्या घरी कसंबसं ठेवून घेतलं. बसल्या बसल्या झोपतो. मी कूस बदलली की विचारतो, "जागी हायस का?"

काल दुपारी मी पानं घेऊन बसले. पेन उचललं आणि हात चालेना. तनू, मी जन्मात श्री खोडलेला नाही. घरात माणूस असं धाप लागलेलं, आणि मी श्रीवर रेघ मारू? देव्हाऱ्यापुढं जाऊन आले, परत बसले, परत उठले. वहिनी म्हणाली, "राहू द्या वन्सं, काही इपरीत व्हायचं." मला रडू फुटलं.

दादा भिंतीला टेकून बघत होता. म्हणाला, "काय चाललंय तुमचं दोघींचं? दाव इकडं."

त्याला सगळं सांगितलं, तुझ्या नोकरीचं सोडून. त्यानं चष्मा लावून तीन पानं नीट वाचली. मग हसला. धाप लागेस्तोवर हसला.

"रत्ने, देवाला गाडीत बसवलंस व्हय? तिकीट काढलं का त्याचं?"

"थट्टा नको करू दादा."

"थट्टा नाय. टपालावर चुकीचा शिक्का बसला तर आम्ही काय करायचो? टपाल जाळायचो का? शिक्क्यावर आडवी रेघ, शेजारी सही, आणि खरा शिक्का बाजूला. शिक्का खोडला म्हणून सरकार मरत नसतंय. आण ते पेन."

पहिली रेघ त्यानं मारली. बोटं सुजलेली, पेन दोनदा निसटलं. रेघ वाकडी आलीय, वरून दुसऱ्या पानावर दिसेल तुला. शेजारी त्याची ती जुनी सही, पुं. गाडेकर, खाली तारीख. मग पेन माझ्या हातात दिलं. त्याच्या रेघेवरून मी माझी फिरवली, सही केली, आणि बाकीच्या त्रेचाळीसही सहीसकट मी मारल्या. प्रत्येक रेघेला "श्रीराम" म्हटलं. त्यानं प्रत्येकाशेजारी साक्षीची सही केली. बारा पानांनंतर दमला, तासभर थांबलो. वहिनी तेवढा वेळ त्याचं मनगट धरून बसली. पुरं व्हायला संध्याकाळ झाली.

आजचं पान वेगळं लिहिलंय. श्री वर कोपऱ्यात, रकान्याच्या बाहेर. आत लिहिलं, गाड्या शून्य, एकूण शून्य.  तुझ्या साहेबांना दाखव. हे खरं पान आहे.

आता नीट ऐक. दादा आजची पाळी करून वहिनीबरोबर गावी चाललाय. टेम्पो बाहेर उभा आहे, म्हणून घाईनं लिहिते. मी म्हटलं, शुक्रवारी कसा येशील? म्हणाला, "ह्या शुक्रवारी तनूच्या उरलेल्या पैशातनं जीप. त्याच्यापुढं नाय. पोरीचा पगार सुईवाटं माझ्या अंगात घालायचा नाय मला. मशीन सुरू होणार असा कागद आला तर गाडीची वाट बघीन, तवर सोसतो. नाय आला तर मग उगं ओढत नेऊ नका मला." फोनवर सांगितलं तर त्याला पटायचं नाही. तू म्हणशील सुरू होतंय, तो म्हणेल पोरगी धीर देतेय. शिक्क्याचा कागद लागेल त्याला, बाकी काही चालत नाही.

सत्यम म्हणतो, मशीन बंदच्या यादीत चढलं आणि दुरुस्तीची तारीख पडली, तर संस्था तेवढे दिवस जालना रोडवरनं गाडी चालवायला तयार आहे. म्हणजे नुसती तारीख हवी आहे. तारखेचा कागद.

तुझ्या नोकरीचं माझ्या मनात आहे. तुला मी अमुक कर म्हणत नाही, मला तो अधिकार राहिला नाही. पण तुझा बाप आजपासून दारात बसणार आहे. पस्तीस वर्षं त्यानं लोकांना असं दारात बसलेलं बघितलं, सायकलची घंटा ऐकून उठणारं. आता तो बसेल.

म्हणून पत्ता माझा घालू नकोस. पाकीट त्याच्या नावावर टाक, पुंजाराम गाडेकर, देवगाव रंगारी, तालुका कन्नड. होकार असो, नकार असो, दाखल झालं असेल तर शिक्का मारलेली पोच आत घाल, आणि उलट टपाली कळव.

तुझी आत्या,
रत्नमाला